वाचनालय किती वाजता उघडते?

विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की ग्रंथालयांच्या अनुदानाचा विषय दोन दिवस वर येतो आणि तिसऱ्या दिवशी फायलीत परत जातो. त्या दोन दिवसांतला वाद पाठ झालेला आहे. ग्रंथालयांच्या संघटना म्हणतात, महागाई वाढली, अनुदान अमुक टक्क्यांनी वाढवा. समोरून उत्तर येते, निम्मी वाचनालये कागदावरच चालतात, त्यांना कशाला पैसे? आणि हातात मोबाइल असताना तिथे जातो कोण? मग पहिली बाजू संस्कृती, संस्कार आणि शाहूंचे पुरोगामी कोल्हापूर यांची जपमाळ ओढते. दुसरी बाजू रस्ते, पाणी, दवाखाना यांची यादी वाचते. या सगळ्यात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. गावातले वाचनालय रोज किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, आणि मधल्या वेळात तिथे बसणाऱ्या माणसाच्या हातात काय पडते?

ग्रामीण वाचनालयाच्या पैशाचा गुंता याच प्रश्नाच्या टोकाला धरून सुटेल, असे माझे म्हणणे आहे. अनुदान पुस्तकांच्या आणि सभासदांच्या संख्येवर न देता उघड्या दारावर द्यावे. सरकारने माणसाचे मानधन द्यावे आणि तेवढेच द्यावे, पण पूर्ण द्यावे. वीज, रॅक, पुस्तके यांचा भार ग्रामपंचायतीने घरपट्टीतल्या वाट्यातून उचलावा. कार्यक्रमांचा खर्च गावातल्या संस्थांनी आणि सभासदांनी वाटून घ्यावा. आज हे तिन्ही खर्च एकाच पिशवीत कोंबलेले आहेत. त्यामुळे पिशवीत कितीही टाका, तिन्हीकडे अर्धवटच पुरते.

आधी हिशेब. राज्यातली अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली आहेत आणि लहान गावांतली बरीचशी ‘क’ किंवा ‘ड’मध्ये येतात. ‘ड’ वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली आणि त्याचे ४८ हजार झाले. साठ टक्के हा आकडा बातमीत भारदस्त दिसतो. पण अनुदानातले निम्मे वेतनाला आणि निम्मे बाकी सगळ्याला, अशी विभागणी असते. म्हणजे वेतनाला वर्षाचे २४ हजार, महिन्याचे २ हजार, दिवसाचे साधारण ६६ रुपये. रोजगार हमीच्या कामावर २०२४-२५ मध्ये दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. ग्रंथपाल काय दिवसभर बसतो का, असे कोणी म्हणेल. बरोबर, तर तासावर या. आठ तासांचा दिवस धरला तर रोजगार हमीवर तासाला ३७ रुपये पडतात आणि तीन तास वाचनालय उघडे ठेवणाऱ्याला २२. उरलेल्या २४ हजारांत पाच दैनिके घेतली की दहा हजारांच्या आसपास तिथेच गेले. मग वीजबिल, हिशेब तपासणीची फी, बाइंडिंग, स्टेशनरी. पुस्तकांना दहा-एक हजार उरले तर नशीब. तीनशे-साडेतीनशेच्या खाली आज बरी कादंबरी मिळत नाही, म्हणजे वर्षाला तीसेक पुस्तके. या पायावर आणखी कितीही टक्के चढवा, इमारत उभी राहत नाही. शेकड्याची भाषा ज्याचा पाया मोठा त्याच्या फायद्याची असते. त्याच वाढीने जिल्हा पातळीवरच्या ‘अ’ वर्गाच्या वाचनालयाचे ७ लाख २० हजारांचे ११ लाख ५२ हजार झाले. टक्के सारखेच, पण एकाला वर्षाला १८ हजार जादा मिळाले आणि दुसऱ्याला ४ लाख ३२ हजार.

आता तेच ४८ हजार दुसऱ्या पद्धतीने खर्च करून पाहा. वर्षाचे ३०० दिवस, रोज चार तास, असे १२०० तास. तासाला ३७ रुपये दराने ४४ हजार ४०० रुपये. म्हणजे २०२२ च्या दरातले ‘ड’ वर्गाचे अख्खे अनुदान मानधनाला लावले, तर सरकारने एक रुपयाही न वाढवता दार रोज चार तास उघडे राहते आणि बसणाऱ्याला निदान मातीकामाइतका तरी दर मिळतो. ग्रंथपालाला मातीकामाचा दर पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या माणसाला तो अपमानच वाटेल. पण आज त्याच्याही खाली आहोत, हे निदान मान्य करू. आणि एकदा तासाचा दर ठरला की पुढचा वाद ‘किती टक्के’ असा न राहता ‘तासाला किती’ असा होईल. तो वाद कुणालाही समजतो आणि जिंकणेही सोपे असते.

मग पुस्तके कशातून आणायची? इथे थोडे मागे जावे लागते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला असा पहिला कायदा तोच मानतात. मद्रासचा त्यानंतर, १९४८ चा. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करायला १९६७ उजाडले. त्या कायद्यात ग्रंथालय निधीची तरतूद झाली, सरकारने दरवर्षी किमान २५ लाख त्यात घालावेत असे ठरले, पण ग्रंथालय कर आला नाही. तमिळनाडूत मालमत्ता करावर १० टक्के, कर्नाटकात ६, केरळात ५ टक्के उपकर ग्रंथालयांसाठी घेतात. आपण घेतला नाही, कारण आपल्याकडे वर्गणीवर चालणाऱ्या संस्था आधीपासून उभ्या होत्या. कोल्हापुरातलेच करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. सरकारने स्वतः वाचनालये काढण्याऐवजी आहेत त्यांना हातभार लावावा, हा विचार त्या वेळी चुकीचा नव्हता. त्यामुळे वाचनालये सरकारी खाते होण्यापासून वाचली. पण त्याची दुसरी बाजू आज अंगावर येते आहे. वाचनालय संस्थेचे झाले, गावाचे झाले नाही. गावात व्यायामशाळेला, समाजमंदिराला, कमानीला पंचायत पैसे काढते आणि वाचनालयाचा अर्ज आला की म्हणते, ‘ते त्यांचे आहे, त्यांना सरकारचे अनुदान मिळते.’ वास्तविक घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे जे २९ विषय आहेत, त्यात विसावा विषय ‘ग्रंथालये’ हाच आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. तीस वर्षांहून अधिक काळ तो विषय नुसता यादीत पडून आहे.

घरपट्टीत ग्रंथालयाचा वाटा म्हटले की पहिली हरकत येते ती नव्या कराची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरपट्टी वेळेवर भरणारी घरे किती असतात? दाखला लागला की थकबाकी भरायची, अशी गावोगावची रीत आहे. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: जिथे उपकर आहे तिथे तरी पैसा वाचनालयापर्यंत पोहोचतो का? बेंगळुरूत महापालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे थकल्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. कर लोकांनी भरला आणि पुस्तक मात्र आले नाही, हे कर नसण्यापेक्षा वाईट. पण या उदाहरणातून कर नको असे निघते की कराचा पैसा लांबच्या प्रवासाला पाठवू नये असे? गावात गोळा झालेला वाटा गावाच्याच वेगळ्या खात्यात राहिला, तालुका-जिल्हा-मुंबई अशी वारी त्याला घडलीच नाही, तर तो वाटेत अडकेल कुठे? आकडा किती मोठा होतो, तेही पाहू. हजार घरांचे गाव आणि सरासरी घरपट्टी ८०० रुपये धरली, तर मागणी ८ लाखांची. तिचे ५ टक्के म्हणजे ४० हजार. घरटी वर्षाला ४० रुपये. वसुली सत्तर टक्केच झाली तरी २८ हजार. आज ‘ड’ वर्गाला पुस्तकांसाठी उरतात त्याच्या जवळजवळ तिप्पट.

पंचायतीकडे पैसाच नसतो, हेही अर्धसत्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, पण ४० टक्के अबंधित होता. त्यातून पगार देता येत नाही, हा नियम स्पष्ट. रॅक, दिवे, बाके, सौर संच यांना मात्र आराखड्यात जागा करता येत होती. स्वउत्पन्नातला १० टक्के महिला व बालकल्याणाचा भाग तर बहुतेक ठिकाणी मार्चअखेर कशावर तरी उडवला जातो. ठराव नीट लिहिला तर मुलांची पुस्तके त्यात का बसू नयेत? पंचायतीच्या पैशातून पगार होत नाही आणि सरकारच्या पैशातून धड पुस्तके होत नाहीत. मग ज्याने त्याने आपले जमते ते करावे, इतकी ही साधी वाटणी आहे.

सगळ्यात अवघड हरकत पैशाची नाही, गटाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्थेपासून तालमीपर्यंत सगळे कुठल्यातरी गटाचे असते. पंचायतीचा पैसा आला की सरपंचाचा गट वाचनालयात शिरणार, विरोधी गटाच्या घरातले सभासद गळणार, पुस्तकांची खरेदी भाच्याच्या दुकानातून होणार. ही भीती खोटी नाही. म्हणून पंचायतीने रोख रक्कम संस्थेच्या हवाली करू नये आणि संस्थेनेही मागू नये. वीजबिल पंचायतीने थेट भरावे. पुस्तकांची यादी वाचनालयाच्या मागणीवहीतून यावी. ही वही बहुतेक ठिकाणी नसतेच: एक साधी दोनशे पानी वही, दोरीने टेबलाला बांधलेली, त्यात वाचकाने हव्या त्या पुस्तकाचे नाव लिहायचे. वर्षातून दोनदा त्या वहीतली यादी मुख्याध्यापक, एखादी बचत गटाची अध्यक्षा आणि संस्थेचा सचिव यांनी मिळून छाटायची आणि तिच्यावर सह्या करायच्या. यानेही गटबाजी मरणार नाही, पण तिला यादीवर उघड सही करावी लागेल. आज सही न करताच काम भागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अनुदानाचा हप्ता येतो, ३१ तारखेच्या आत बिले लावायची असतात, आणि विक्रेता टेम्पो घेऊन दारात उभा असतो. त्यात मग एकाच छापाची चरित्रे, पाककृती आणि व्यक्तिमत्त्व विकास येतो. गावात कोणी न मागितलेली पुस्तके, भरपूर सवलतीत.

आता बोगसपणाकडे. कागदावरची वाचनालये आहेत, हे नाकारणारा माणूस गावात फिरलेला नसतो. २०१२ साली महसूल खात्याकडून सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली ती उगाच नव्हे. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ दीर्घकाळ थांबवली गेली. याचा परिणाम काय झाला? मेहनतीने चालणारे ‘ड’ वर्गाचे वाचनालय तिथेच अडकले, आणि आधीच वर पोहोचलेले सुस्त वाचनालय वरच बसून राहिले. रोगाचा इलाज म्हणून निरोग्याचे जेवण तोडले. बोगस शिधापत्रिका सापडल्या म्हणून रेशन दुकान बंद करा असे कोणी म्हणत नाही. पत्रिका तपासा म्हणतात. इथे मात्र थेट कुलूप लावायची भाषा होते. मुळात बोगसपणा फोफावतो तो मोजमाप चुकीचे असल्यामुळे. दाखलनोंदवहीत अमुक पुस्तके, सभासद यादीत अमुक नावे, अमुक दैनिके, अमुक नियतकालिके असली की वर्ग मिळतो. या सगळ्या गोष्टी दार बंद ठेवूनही दाखवता येतात. तपासणीच्या दिवशी शेजारच्या वाचनालयातून गठ्ठे आणून रॅक भरणारे महाभाग याच मोजमापाची पैदास.

पण उघडे तास मोजायला गेले तर तेही खोटे दाखवतील, त्याचे काय? अंगठ्याचे यंत्र बसवले तर अंगठा लावून माणूस शेतात जाईल. फोटो मागितला तर एकच फोटो सात दिवस फिरेल. मान्य. यंत्रावर माझाही भरवसा नाही, देवघेव वहीवर आहे, कारण ती खोटी लिहिणे वाटते तितके सोपे नसते. खऱ्या वहीचे पान मळके असते. शाई दर चार ओळींनी बदलते, सह्या वाकड्यातिकड्या असतात, पुस्तकांचे दाखल अंक ३१२ नंतर २०७८, मग ९४५ असे उड्या मारतात, परतीचा रकाना जागोजागी रिकामा असतो, आणि परीक्षेच्या दिवसांत पाने ओस पडतात. खोट्या वहीत महिनाभर एकच अक्षर, एकच शाई. रोज न चुकता दहा-बारा नोंदी, दाखल अंक ओळीने लागलेले, आणि प्रत्येक पुस्तक बरोबर सातव्या दिवशी परत. जोडीला रॅकवरची वीस पुस्तके हाताला येतील तशी उपसावीत आणि शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघावी. वहीत गेलेले पुस्तक चिठ्ठीवर गेलेले नसेल, तर अर्ध्या तासात निकाल लागतो. त्यासाठी महसूल खात्याची फौज लागत नाही. ग्रामसभेपुढे वर्षातून दोनदा वही ठेवली, तर ज्यांच्या नावावर न नेलेली पुस्तके पडली आहेत ती माणसे समोरच बसलेली असतात.

मोबाइलच्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे आणि तेवढे देऊन टाकावे. वाचनालय म्हणजे सकाळी पेपर चाळायची जागा, ही ओळख गेली. बातमी खिशात आल्यावर पाच दैनिकांवर वर्षाला दहा हजार घालणे ही सवय आहे, सेवा नव्हे, दोन पुरेत. गोष्टी ऐकायला आणि व्याख्यान बघायलाही आता वाचनालय लागत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, म्हैस आणि धाकटी भावंडे असताना दहावीच्या पोरीने बसायचे कुठे, याचे उत्तर मोबाइल देत नाही. आठ वर्षांच्या मुलाला तो मोठ्या अक्षरांचे पुस्तकही देत नाही, उलट ते हातातून काढून घेतो.

वर्गणीचे म्हणणेही ऐकायला हवे. ज्याला वाचायचे त्याने महिन्याला वीस रुपये द्यावेत, फुकटाची किंमत राहत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. प्रौढ सभासदापुरते ते खरे आहे. अनामत ठेवलेला माणूस पुस्तक आठवणीने परत आणतो. पण वर्गणीवर उभे राहिलेले वाचनालय कोणाचे होते, हेही बघा. १८५० मध्ये करवीर नगर वाचन मंदिर सुरू झाले तेव्हा त्याचे नावच ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ होते. ते शिकलेल्यांसाठी होते, आणि तेव्हा शिकलेले किती आणि कोण होते? वर्गणी जिथे दार ठरते तिथे ऊसतोडीला आलेल्या टोळीचे पोर, शेतमजुराची सून, म्हातारी विधवा आपोआप बाहेर राहतात. अठरा वर्षांखालच्या कोणाकडूनही पैसा घेऊ नये, इतका तरी नियम लगेच करता येईल. कागल सोडून दूधगंगा ओलांडली आणि कोगनोळी आली की कर्नाटक लागते, तिथे २०२० पासून पंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व देण्याची मोहीम चालवली गेली. सीमेचा वाद आपण जन्मभर घालू, पण पलीकडची बरी गोष्ट उचलायला काय हरकत आहे?

आणि कार्यक्रम. या शब्दाची आपल्याकडे पार वाट लागली आहे. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, आणि अधेमधे जयंत्या-पुण्यतिथ्या. फोटोला हार, नारळ, चार खुर्च्या, एक फोटो, चहा, कुलूप. वार्षिक अहवालात ‘विविध कार्यक्रम’ या मथळ्याखाली असे वीस फोटो लागतात, आणि त्यातला एकही गावाच्या ध्यानात राहत नाही. वाचनालयाचा कार्यक्रम म्हणजे दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळेला होणारी गोष्ट. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून मुलांचा तास शनिवारी दुपारी चारला. वीस मुले पुरेत. पंधरा मिनिटे एकाने मोठ्याने वाचायचे, मग मुलांनी रॅकला हात घालायचा, आणि नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने करायची. इथे बिघडते ते ठरलेले आहे: तिसऱ्या आठवड्यात दोन पुस्तके फाटतात, एक हरवते, आणि समिती मुलांची पुस्तके काचेच्या कपाटात घालून किल्ली सचिवाच्या घरी नेते. फाटणाऱ्या पुस्तकांचे वर्षाला दोन हजार रुपये आधीच खर्चात धरले तर ही वेळ येत नाही. मुलांच्या विभागात वर्षभर एकही पुस्तक फाटले नसेल, तर ते कपाट उघडलेच नाही असे समजावे.

या काचेच्या कपाटांविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि गणपतीपर्यंत पुस्तकांच्या पाठीवर बुरशी धरते. मग कसर आणि वाळवी. उपाय महागडा नाही: उघडे लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट वर, आणि बाइंडिंगच्या खळीत चिमूटभर मोरचूद. पण मुख्य उपाय म्हणजे रोज दारे-खिडक्या उघडणे आणि पुस्तके हलती राहणे. बंद वाचनालय फुकट पडत नाही, ते आपली पुस्तके खाते. नदीकाठच्या गावांना वेगळी काळजी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर खालचे दोन कप्पे रिकामे ठेवणे आणि दाखलनोंदवहीच्या पानांचे फोटो तीन जणांच्या मोबाइलमध्ये असणे, हा शहाणपणा झाला आहे. भिजलेल्या पुस्तकाला दोन दिवसांत बुरशी लागते. उन्हात टाकले की पाने तडकतात, म्हणून पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालून, उभी करून वाळवावी लागतात. गुळगुळीत कागदाची पुस्तके एकदा चिकटली की गेलीच. आणि नोंदवहीच वाहून गेली तर पंचनाम्यात पुस्तकांची किंमत लिहायची कशावरून?

बायकांसाठी आपली वाचनालये उघडतात ती नेमकी चूल पेटायच्या वेळेला, संध्याकाळी सहाला, पारावर पुरुष बसलेले असताना. मग ‘महिला वाचक येत नाहीत’ असा अहवाल जातो. वेळ दुपारी दीड ते तीन करून बघावी. तेही जमत नसेल तर पेटी: तीस पुस्तके, झाकणाच्या आतून चिकटवलेली यादी, सोबत चार रकान्यांची वही. बचत गटाच्या मासिक बैठकीला ती पोहोचली आणि महिन्याने बदलली, इतकेच. दोन-तीन पुस्तके गहाळ होतील, तीही खर्चात धरावीत. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ निम्मा गाव कॅन घेऊन रांगेत उभा असतो. एक लहान रॅक तिथे का नको? वाचकाला वाचनालयात आणण्याचा हट्ट सोडला की वाचक सापडतो.

शेतकऱ्यांना व्याख्यान ठेवले की दहा म्हातारे आणि पाच पोरे येतात, ही तक्रारही रास्त आहे. व्याख्यान ठेवूच नये. त्याऐवजी घरात येणारा कागद एकत्र वाचावा. कारखान्याचे ऊस बिल घ्या. नाव झाकून त्याच्या पंधरा झेरॉक्स काढा आणि एकेक रकाना मोठ्याने वाचा: टनेज, दर, तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. दर हंगामाला बँकेत जमा होणारा आकडा बघून गप्प बसणारा माणूस त्या रात्री प्रश्न विचारतो. पुढच्या आठवड्यात माती परीक्षणाची पत्रिका: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत या तीन आकड्यांवर पुढची पाच वर्षे ठरतात, आणि पत्रिका मात्र फ्रिजवर पडलेली असते. त्यानंतर सातबारा, मग विम्याची पॉलिसी. हे वाचन नव्हे का? साहित्यवाल्यांना ते हलके वाटेल. पण बिल वाचायला आलेल्या चाळिसांतले चार जण जाताना कादंबरी नेतात, आणि व्याख्यानाला आलेले फक्त चहा घेऊन जातात.

अभ्यासिकेची मागणी सगळ्यात मोठी, आणि आमदार-खासदार निधीलाही तीच आवडते, कारण पाटी लावता येते. स्पर्धा परीक्षेची मुले बसली की वाचनालय जिवंत दिसते, हे खरे. पण दिवसभर सगळ्या खुर्च्या त्यांच्याच झाल्या की गोष्टीचे पुस्तक मागायला आलेल्या पोराला ‘आवाज करू नको’ म्हणून हाकलले जाते. सकाळी सहा ते दहा अभ्यासिका, किल्ली मुलांच्याच हाती, झाडलोट त्यांचीच, संध्याकाळी वाचनालय. मानधनाचे चार तास तसेच राहून दार आठ तास उघडे राहते.

सरकार, पंचायत आणि गाव अशी ही वाटणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणून गावोगाव वाचनालये काढली, तेव्हा रीत हीच होती: गावाने जेवढे उभे केले तेवढेच प्रांत पंचायतीने आणि तेवढेच सरकारने घालायचे. पुस्तकांच्या पेट्याही तिथेच फिरत होत्या. खुद्द कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे उभी केली, ती दरबाराने जागा आणि मदत द्यायची आणि समाजाने ती चालवायची, याच तत्त्वावर. दोन्ही ठिकाणी दरबाराने पैसा दिला आणि काम बघितले, पण कारभार अंगावर घेतला नाही. आपण आज पैसा कमी देतो आणि कागद जास्त मागतो. विश्वस्त बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून असतो, तोवर बँकेत सही चालते ती कधीच वारलेल्या अध्यक्षांची.

कार्यक्रमांच्या खर्चासाठी सहकारी संस्थांकडे जायला लाजू नये. नफा वाटणीत धर्मादाय कामाला तरतूद करता येते, आणि आज ती बहुधा यात्रेला, कुस्तीच्या मैदानाला, दहीहंडीला जाते. त्यांनाही जावी. वर्षभराच्या शनिवारच्या तासाला आणि पेट्यांना मिळून पंधरा-वीस हजारांवर खर्च येत नाही. कुस्तीच्या एका इनामापेक्षा तो जड नाही. संस्थेचे नाव पेटीवर रंगवून द्या, त्यात काही बिघडत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची बोलणी सुरू होतात, तेव्हा ठराव तिथेच मांडायचा. त्यात दोन ओळी हव्यात. पहिली पैशाची: घरपट्टीच्या मागणीतले ५ टक्के ग्रंथालयाच्या वेगळ्या खात्यात. ती ग्रामसेवक फारशी खळखळ न करता लिहून घेईल, कारण अशा ओळी त्याने पुष्कळ लिहिल्या आहेत. दुसरी ओळ वेळेची: वाचनालय सकाळी सहा ते दहा, दुपारी दीड ते तीन आणि संध्याकाळी पाच ते साडेसात उघडे राहील, आणि रोजची देवघेव दारावरच्या फळ्यावर लिहिली जाईल. ही ऐकल्यावर तो मान वर करून विचारेल, ही कशाला? लिहून घ्यायला लावायची ती हीच.